मूत्रपिंडरोपणानंतर घरची शुश्रूषा

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ साली मूत्रपिंडरोपण यशस्वी झाले. आज हा उपचार शेतकरी घरांपर्यंत पोहोचला आहे. मूत्रपिंड पुष्कळदा आई किंवा पत्नीच देते. म्हणजे एकाच घरातील दोघांचे काम थांबते.

रुग्णाने गोळ्या ठरल्या वेळी रोज घ्याव्या. बरे वाटले म्हणून सोडू नयेत. या गोळ्यांनी रोगाशी झुंजण्याची शक्ती घटते. म्हणून पहिले काही महिने गोठा, शेणखत, माती वर्ज्य. दूध उकळूनच द्यावे. ताप १००.४ अंशांवर गेल्यास काढ्यावर न विसंबता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. मूत्रपिंड देणाऱ्यानेही सुमारे ६ आठवडे जड ओझे उचलू नये.

तोवर धारा काढण्याची व वैरणीची पाळी शेजाऱ्यांनी वाटून घ्यावी, अशी आम्ही विनंती करतो. आजाऱ्याची सेवा ही प्रभूचीच सेवा होय.