आधी फूल, मग कुंडी



बागेतील जास्वंद सकाळी उमलते आणि बहुधा संध्याकाळी मिटते. तैलरंग मात्र वाळायला कित्येक दिवस घेतात. म्हणून प्रत्यक्ष पाहून रंगवताना आधी फूल, मग पाने, कुंडी सर्वात शेवटी. पुष्कळ मुले उलट करतात. पार्श्वभूमी रंगवता रंगवता पाकळ्या मिटतात, आणि मग कॅलेंडर समोर ठेवून फूल पूर्ण होते. असे चित्र आम्ही प्रदर्शनात घेत नाही.

पहिला थर टर्पेंटाईन घालून पातळ द्यावा, वरच्या थरांत जवसाचे तेल वाढवत न्यावे. खाली तेलकट व वर कोरडा थर दिल्यास चित्र पुढे तडकते. लाल पाकळीच्या सावलीत काळा रंग नको, फूल मळकट दिसते. तेथे क्रिमसन लेक घ्या. उजेडाकडील भागात पांढरा जास्त झाला की लाल गुलाबी होतो, थोडा केशरी बरा. पानांचे हिरवे तर एक नसतेच: आकाशाकडे वळलेले पान निळसर, मागून ऊन आलेले पिवळट. ऊन सरकते, तेव्हा सावल्यांच्या जागा सुरुवातीलाच आखून घ्या.

आणि हो, तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तो आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पाण्यात भिजवून पत्र्याच्या डब्यात ठेवा.