साक्षरता वर्गाला ‘गुणवत्ता शुल्क’ लागते का?

प्रश्न : मनमाडला आमचे महिला मंडळ संध्याकाळी प्रौढ साक्षरता वर्ग चालवते. एक एजंट ‘गुणवत्ता प्रमाणपत्रा’साठी शुल्क मागतो. भरावे का? – एक वाचक, मनमाड

उत्तर : अजिबात भरू नका. २०२२ ते २०२७ या काळासाठीच्या ‘उल्लास’ म्हणजेच नवभारत साक्षरता कार्यक्रमात स्वयंसेवकाकडून किंवा शिकणाऱ्याकडून पैसे घेतले जात नाहीत. जवळच्या शाळेत जा, मुख्याध्यापकांना भेटा आणि पंधरा वर्षांवरील निरक्षरांची व तुमच्या स्वयंसेविकांची नोंद करून घ्या. पुढे वाचन, लेखन आणि संख्याज्ञान अशी १५० गुणांची चाचणी होते. उत्तीर्ण झालेल्यांना प्रमाणपत्र राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था देते. गुणवत्तेची तपासणी इथेच होते, तीही मोफत. गोदामावर दिवसभर राबून पाटी घेऊन बसणाऱ्या बाईकडून त्यासाठी वर्गणी काढणे मला अन्यायाचे वाटते.

शिवण किंवा संगणकाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू केलात, तर मात्र राज्य कौशल्य मंडळाची संलग्नता पाहावी लागेल आणि तिथे शुल्क असते. ते थेट मंडळाकडेच भरा, पावती घ्या. एजंट आयएसओ प्रमाणपत्राचे नाव घेत असेल, तर ते ऐच्छिक आहे. साक्षरता वर्गाला त्याची गरज नाही. शंका राहिलीच, तर नाशिक जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी (योजना) यांना लेखी विचारा आणि अर्जाची पोच घ्या.