एजंटचा भाव, मालकाचा भाव आणि तुमचा भाव



भाड्याच्या गाळ्यात धंदा तीन-चार वर्षं टिकला, की घरात आणि डोक्यात एकच वाक्य फिरायला लागतं : "एवढं भाडं भरतोय, त्यापेक्षा स्वतःचा गाळा घेऊन टाकू." विचार चुकीचा नाही. पण गाळा घेताना पहिल्यांदाच आपली गाठ अशा माणसाशी पडते, जो रोज हेच काम करतो. आपण मात्र आयुष्यात एकदा किंवा दोनदा करतो. तो माणूस म्हणजे एजंट.

आधी माझाच किस्सा सांगतो. 2013 साली मी पुण्यात धायरीला प्रिंटिंगच्या कामासाठी गाळा घेतला. एजंटने दुपारी गाळा दाखवला, 31 लाख सांगितले आणि जाता जाता म्हणाला, "साहेब, संध्याकाळी सहाला दुसरी पार्टी चेक घेऊन येतेय. मला तुम्हालाच द्यायचाय, पण मालक थांबणार नाही." मी पाच वाजता 51 हजारांचा टोकन चेक देऊन मोकळा झालो. भाव एक रुपयाही कमी केला नाही, उलट आपल्याला मिळाला म्हणून पेढे वाटले. रजिस्ट्रेशनच्या दिवशी चहा पिताना मालक सहज बोलून गेले, "माझे 29 ठरले होते, वरचे सगळे एजंटचे." त्याशिवाय माझ्याकडून त्याने 2 टक्के घेतले होते, 62 हजार. आणि काही महिन्यांनी कळलं, की शेजारचा तेवढाच गाळा माझ्या चार महिने आधी साडेसव्वीस लाखांना गेला होता. साडेचार लाखांचा फरक! त्या पैशांत माझं दुसरं मशीन आलं असतं. ते आलं नाही म्हणून पुढचं सव्वा वर्ष मी लॅमिनेशनचं काम बाहेरून करून घेत होतो, आणि त्यातला नफा दुसऱ्याच्या खिशात जात होता.

त्यात एजंटने बेकायदा काय केलं? फारसं काहीच नाही. मीच आकडा न घेता गेलो होतो.

एजंटला नक्की काय हवं असतं?

आपला समज असा असतो, की भाव वाढला की एजंटची दलाली वाढते, म्हणून तो भाव चढवतो. जरा गणित करून बघा. 60 लाखांच्या गाळ्यावर 2 टक्के म्हणजे 1 लाख 20 हजार. तुम्ही घासाघीस करून गाळा 57 लाखांवर आणला तर त्याला मिळतात 1 लाख 14 हजार. तुमचे वाचले 3 लाख, त्याचे गेले 6 हजार. त्या 6 हजारांसाठी तो सौदा मोडू देईल का? कधीच नाही. त्याला भीती भावाची नसते, सौदा लांबण्याची असते. सौदा लांबला की गिऱ्हाईक दुसऱ्या एजंटकडे जातं आणि त्याचे 1 लाख 14 हजारही जातात. म्हणून तर "संध्याकाळी दुसरी पार्टी", "मालक उद्या गावाला जातोय", "पुढच्या महिन्यात रेट वाढणार" ही सगळी घाई. ही घाई तुमच्यासाठी नसते, त्याच्या महिन्याच्या हिशोबासाठी असते.

हे एकदा कळलं, की तुमच्या हातात काय आहे तेही कळतं. कर्जाची पूर्वमंजुरी तयार असेल, पैसे सगळे चेकने किंवा बँकेतून देणार असाल आणि महिन्याभरात खरेदीखत करायची तयारी असेल, तर एजंटच्या नजरेत तुम्ही सोन्यासारखे गिऱ्हाईक आहात. तेव्हा तोच मालकाला फोन करून सांगतो, "पार्टी पक्की आहे, दोन कमी करा." म्हणजे भाव कमी करायचं काम तुम्ही नाही, तोच करतो!

पण याला एक मोठा अपवाद आहे, आणि मी नेमका त्यातच सापडलो होतो. मालकाने "मला एवढे हातात द्या, वरचे तुमचे" असं सांगितलेलं असतं, तेव्हा गणित उलटं होतं. आता तुम्ही कमी केलेला प्रत्येक रुपया एजंटच्या खिशातून जातो. असा सौदा ओळखायचा कसा? मालकाशी भेट टाळली जाते. "ते बाहेरगावी असतात, सगळं माझ्याकडेच आहे" असं उत्तर येतं. दलाली किती, कोणाकडून, हे लिहून द्यायला तो तयार नसतो. कधीकधी तर "तुमच्याकडून दलाली नको साहेब" असा उदारपणाही दिसतो. एजंट फुकट काम करत असेल, तर त्याचे पैसे कुठून येतात हे विचारायलाच हवं.

यावर उपाय एकच : टोकन देण्यापूर्वी मालकाला समोरासमोर भेटायचं, निदान व्हिडिओ कॉलवर बोलायचं, आणि भाव त्याच्या तोंडून ऐकायचा. मालक खरंच परगावी असेल तर त्याच्या कुलमुखत्यारपत्राची नोंदणीकृत प्रत मागायची. एजंट चिडला तर चिडू द्या.

स्वतःचा आकडा कसा काढायचा?

गाळा बघायला जाण्याआधी हे काम घरी बसून करा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या, म्हणजे आयजीआर महाराष्ट्रच्या वेबसाइटवर ई-सर्च ही सोय मोफत आहे. जिल्हा, तालुका, गाव, वर्ष आणि सर्व्हे नंबर किंवा मिळकत क्रमांक टाकला, की त्या मिळकतीवर नोंदलेल्या दस्तांची यादी येते. त्यातल्या सूची क्रमांक दोनवर, ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात, व्यवहाराचा मोबदला, सरकारी बाजारभाव, क्षेत्रफळ आणि नोंदणीची तारीख छापलेली असते. त्याच इमारतीतले किंवा शेजारचे गेल्या दोन वर्षांतले तीन-चार व्यवहार काढा. नंबर माहीत नसेल तर एजंटकडे गाळ्याच्या जुन्या कराराची प्रत मागा. ती तशीही लागणारच आहे.

सोबत रेडी रेकनरचा दर बघा, तोही त्याच वेबसाइटवर आहे. तो बाजारातला भाव नसतो, पण मुद्रांक शुल्क करारातली रक्कम आणि सरकारी मूल्य यातल्या जास्त रकमेवर लागतं, म्हणून तो माहीत हवाच.

इंडेक्स टू दाखवली की एजंट हसून म्हणेल, "साहेब, कागदावरचा भाव वेगळा असतो, वरून रोख असते." असू शकतं. तुम्ही शांतपणे सांगा, "मी सगळे बँकेतूनच देणार, त्यामुळे माझ्यासाठी कागदावरचाच भाव खरा." रोखीच्या भानगडीत पडू नका. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला आयकर कायद्याने तेवढाच दंड होऊ शकतो. आणि तुमचं नुकसान वेगळंच : रोख दिलेल्या रकमेवर कर्ज मिळत नाही, आणि उद्या गाळा विकलात तर ती रक्कम खरेदी किमतीत दाखवता येत नाही.

दुसरा आकडा भाड्याचा. शेजारच्या दोन-तीन दुकानदारांशी चहा पीत बोला. समजा 58 लाखांच्या गाळ्याला महिना 24 हजार भाडं मिळतं. वर्षाचे झाले 2 लाख 88 हजार, म्हणजे किमतीच्या जेमतेम 5 टक्के. तुम्ही 40 लाख कर्ज 10 टक्क्यांनी काढलंत तर पहिल्या वर्षाचं नुसतं व्याजच 4 लाखांच्या आसपास जातं. म्हणून गाळा घेऊच नका असं मी म्हणत नाही. पण "नाही जमलं तर भाड्याने राहीन, माझं काही अडलेलं नाही" हे तुम्ही आकड्यानिशी म्हणू शकता. एजंटसमोर बसताना हे वाक्य मनात असलं, की आवाज आपोआप बदलतो.

स्क्वेअर फुटाचा खेळ

हा डाव सगळ्यात जुना आहे आणि अजूनही चालतो. एजंट दोन गाळे दाखवतो. पहिला 450 फूट, रेट 12,000, म्हणजे 54 लाख. दुसरा 400 फूट, रेट 14,500, म्हणजे 58 लाख. तुम्हाला पहिला स्वस्त वाटतो, आणि एजंटलाही तोच खपवायचा असतो. पण हे फूट सेलेबल आहेत. जिना, पॅसेज, भिंती, कधीकधी तर पोटमाळाही त्यात धरलेला असतो. तुम्ही टेप घेऊन आतली जागा मोजता. पहिला भरतो 290, दुसरा 330. आता भाव काढा. पहिला पडतो 18,620 रुपये फूट, दुसरा 17,575. स्वस्त दिसत होता तोच महाग निघाला.

रेरा कायदा आल्यापासून नव्या प्रकल्पात बिल्डरला चटई क्षेत्र, म्हणजे कार्पेट एरिया सांगावाच लागतो. जुन्या गाळ्यांच्या फेरविक्रीत मात्र अजून सेलेबलचीच भाषा चालते. करारात क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं. एक चौरस मीटर म्हणजे 10.764 चौरस फूट. टेप स्वतःची न्या. (एजंटची टेप खोटी असते असं नाही, पण मोजणारा हात त्याचा असतो.) पोटमाळा मोजलेला असेल तर तो मंजूर नकाशात आहे का, तेही बघा.

बोलताना

"बजेट किती आहे साहेब?" या प्रश्नाला आकडा देऊ नका. तुम्ही 60 म्हणालात की 52 चा गाळाही 59 चा होतो. "जागा आधी बघू, भावाचं नंतर बोलू" एवढंच.

पहिला दाखवलेला गाळा मुद्दाम महाग किंवा अंधारा असू शकतो, म्हणजे दुसरा आपोआप चांगला वाटतो. दोन्ही गाळ्यांची तुलना एकमेकांशी करू नका, तुमच्या वहीतल्या इंडेक्स टूशी करा.

मेट्रो येणार, रस्ता रुंद होणार, या गोष्टी खऱ्याही असतील. पण त्या होतील तेव्हाचा भाव आज का द्यायचा? आणि रुंदीकरणात तुमच्याच गाळ्याचं शटर जाणार नाही ना, हे महापालिकेच्या विकास आराखड्यात बघून या.

भाव सांगताना गोल आकडा टाळा. "50 देतो" म्हटलं की समोरचा लगेच "54 करा" म्हणतो. "51 लाख 40 हजार, आणि तो असा आला" म्हणून कागद पुढे ठेवलात, की बोलणं तुमच्या कागदावर सुरू होतं. आकडा सांगितल्यावर गप्प बसा. आपल्याला शांतता सहन होत नाही आणि आपणच वर चढतो, हे मी माझ्यासकट शंभर जणांत पाहिलंय.

वरचा खर्चही भावातच धरा. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क 7 टक्के आहे, नोंदणी फी कमाल 30 हजार. म्हणजे 50 लाखांच्या गाळ्याला साडेतीन लाख, अधिक 30 हजार, अधिक 2 टक्के दलाली 1 लाख : एकूण 4 लाख 80 हजार. यातलं बहुतेक कर्जात बसत नाही, तुमच्या खेळत्या भांडवलातूनच जातं. किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर 1 टक्का टीडीएस कापून सरकारात भरायची जबाबदारीही तुमचीच. तो मात्र मालकाच्या रकमेतून कापायचा असतो, वरून द्यायचा नसतो.

टोकन

टोकन मालकाच्या बँक खात्यावर द्या, एजंटच्या नाही. नवीन प्रकल्प असेल तर एजंटचा महारेरा नोंदणी क्रमांक मागून वेबसाइटवर तपासा, आणि नोंदणीकृत करार होईपर्यंत बिल्डरला 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देऊ नका. त्याला ती घेताच येत नाही. पावतीवर पूर्ण भाव, आतलं मोजलेलं क्षेत्रफळ आणि दलाली कोण किती देणार हे लिहून घ्या. आणि हे एक वाक्य त्यात असायलाच हवं : "वकिलाच्या शोध अहवालात मालकी हक्कात दोष आढळल्यास किंवा बँकेने या मिळकतीवर कर्ज नाकारल्यास टोकनची संपूर्ण रक्कम 15 दिवसांत परत करण्यात येईल." खाली मालकाची सही, साक्षीदार म्हणून एजंटची सही. सही करायला तो किती वेळ लावतो, तेवढं फक्त बघत राहा.