२८ दिवसांचा महिना आणि वर्षाचे रिचार्ज

व्याजाच्या गणितात आपण महिना ३० दिवसांचा धरतो. मोबाइलच्या पॅकचा महिना मात्र बहुधा २८ दिवसांचा असतो. ३६५ला २८ने भागून पाहा. वर्षात १२ नव्हे, १३ रिचार्ज लागतात. ग्राहकांच्या तक्रारींवरून दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच ट्रायने, जानेवारी २०२२मध्ये प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचाही पॅक ठेवण्यास सांगितले. तरीही २८ दिवसांचे पॅक सर्रास खपतात.

एक उदाहरण घेऊ. (आकडे केवळ हिशेबाच्या सोयीचे आहेत.) २८ दिवसांचा पॅक ३०० रुपयांना आणि ३६५ दिवसांचा ३३०० रुपयांना मिळतो. घाईत आपण ३०० गुणिले १२ करतो आणि म्हणतो, वार्षिक पॅकमध्ये ३०० रुपये वाचले. वास्तविक १३ पॅकचे ३९०० होतात. बचत ६०० रुपयांची आहे. दिवसाचा दर काढला तर पहिल्याचा सुमारे १० रुपये ७१ पैसे, दुसऱ्याचा ९ रुपये ४ पैसे.

मग वार्षिक पॅकच घ्यावा काय? खरी मेख इथेच आहे. ३३०० रुपयांत ११ छोटे पॅक येतात, म्हणजे ३०८ दिवस. ते उलटल्यावरच वार्षिक पॅकचा फायदा सुरू होतो. बारावीनंतर बेळगावहून पुण्या-कोल्हापूरला जाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. वसतिगृहात रेंज आली नाही, तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते; ही सोय देशभर २०११पासून आहे. परंतु उरलेले दिवस नव्या कंपनीत येत नाहीत. पाच महिन्यांत कंपनी बदलली, तर छोट्या पॅकचे १८०० रुपयेच झाले असते.

याउलट, जुलै २०२४मध्ये मोठ्या खाजगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा आधीच वर्षाचे पैसे भरलेल्यांना मुदत संपेपर्यंत झळ बसली नाही. आजी-आजोबांचा नंबर सहसा बदलत नाही. एकरकमी पैसे हाताशी असतील तर त्यांच्यासाठी वार्षिक पॅक बरा.

पालकांना २००५-०६च्या सुमाराचे 'लाइफटाइम' कार्ड आठवत असेल. ते लाइफटाइम ग्राहकाचे नव्हे, कंपनीच्या परवान्याचे होते! तेही २०१८च्या अखेरीस किमान रिचार्जच्या अटीत अडकले.

घरी सोडवा : ८४ दिवसांचा पॅक ८०० रुपयांना मिळत असेल, तर कितव्या दिवसानंतर वरील वार्षिक पॅक त्याहून स्वस्त ठरेल? नंतर हेच गणित घरातील प्रत्येक नंबरासाठी खऱ्या दरांनी मांडून पालकांना दाखवा.