राष्ट्रपती भवन पाहताना : सहल-पाठाविषयी काही विचार



शैक्षणिक सहलीनंतर मुलांच्या वह्यांत काय उतरते, हे शाळा-तपासणीच्या निमित्ताने मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. बहुधा तेथे वास्तूचे नाव, बांधकामाचे साल व खोल्यांची संख्या एवढेच आढळते. आणि तेही वर्गातील साऱ्या वह्यांत एकाच शब्दांत. ह्याचा दोष मी आजवर शिक्षकांकडे देत असे. गेल्या हिवाळ्यात मी कुटुंबासह दिल्लीस राष्ट्रपती भवन पाहावयास गेलो, तेव्हा तीच चूक माझ्या स्वतःच्या हातून घडली. तो अनुभव आपल्यापुढे ठेवणे मला उचित वाटते.

बरोबर पत्नी, मुलगी व इयत्ता तिसरीत शिकणारी नात होती. भवन पाहण्यासाठी नावे आधी नोंदवावी लागतात. ती नोंदविली होती. गाडीत बसून मी सवयीप्रमाणे एक टाचणही तयार केले. कलकत्त्याहून राजधानी दिल्लीस हलविण्याची घोषणा, १२ डिसेंबर १९११. वास्तुकार एडविन लट्येन्स. बांधकाम १९२९ साली पूर्ण. पहिले रहिवासी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन. खोल्या ३४०. विटा सुमारे सत्तर कोटी. २६ जानेवारी १९५० पासून राष्ट्रपती भवन हे नाव. टाचण निर्दोष होते. त्यात एकच उणीव होती : ते ऐकणाऱ्यांच्या मनात कोणता प्रश्न असेल, ह्याचा विचार मी केला नव्हता.

पहिला प्रश्न : नातीचा

इंडिया गेटकडून कर्तव्य पथाने (२०२२ पूर्वीचा राजपथ) आम्ही भवनाकडे निघालो. मी टाचणातील मजकूर सांगू लागलो. विजय चौकाजवळ नात मध्येच म्हणाली, “आजोबा, ते घर खाली खाली चाललंय!” मी म्हणालो, “आधी नीट ऐक, मग बोल.” त्यावर मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही एकदा वर बघा तरी. ती खरंच सांगतेय.”

मी वर पाहिले. लांबून स्पष्ट दिसणारे भवन जवळ येताच टेकडीच्या चढामागे दडले होते. केवळ घुमट दिसत होता. हा भास नव्हे. सचिवालयाच्या दोन इमारतींचे वास्तुकार हर्बर्ट बेकर ह्यांच्या इमारती टेकडीच्या पुढील भागी आल्या व भवन मागे सरकले. मधल्या रस्त्याच्या चढास लट्येन्स ह्यांनीही संमती दिली होती. भवन झाकले जाणार हे पुढे त्यांच्या ध्यानात आले. चढ बदलावा म्हणून त्यांनी खटपट केली, परंतु १९१६ साली ती मागणी फेटाळली गेली. दोघा मित्रांत त्यावरून कायमचा दुरावा आला. एवढ्या मोठ्या वास्तुकाराची जी चूक नकाशावर सुटून गेली, ती आठ वर्षांच्या मुलीने चालता चालता हेरली. आणि मी तिला गप्प बसविले होते.

दुसरा प्रश्न : पत्नीचा

भ्रमणध्वनी व पिशव्या बाहेर जमा करून आम्ही आत गेलो. प्रांगणात उभी राहून पत्नीने विचारले, “अहो, एवढी मोठी टेकडी तेव्हा मोकळीच होती का? इथं कोणी राहत नव्हतं?”

तिचे माहेर एका धरणाच्या पाण्याखाली गेले आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की तेथे देवळाचा कळस दिसू लागतो. त्यामुळे कोणतेही भव्य बांधकाम पाहिले की तिच्या मनात हा प्रश्न आधी येतो. माझ्या टाचणात विटांची संख्या होती, परंतु ह्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. घरी परतल्यावर वाचन केले तेव्हा समजले की, येथे रायसीना व मालचा ही गावे होती. १८९४ च्या भूमिसंपादन कायद्यान्वये त्यांच्या जमिनी घेण्यात आल्या व कुटुंबांना उठावे लागले. आज टेकडीला रायसीना म्हणतात. गावाचे तेवढे नाव उरले आहे. आपल्या कित्येक शाळांत धरणग्रस्तांची मुले बसतात. त्यांना हा इतिहास परका वाटणार नाही.

तिसरा प्रश्न : पुन्हा नातीचा

पूर्वीचा दरबार हॉल, म्हणजे २०२४ पासूनचा गणतंत्र मंडप, आम्ही पाहिला. स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळाचा शपथविधी १५ ऑगस्ट १९४७ रोजी येथेच झाला. राष्ट्रपतींच्या आसनामागे गुप्तकालीन बुद्धमूर्ती आहे. जेथे व्हाइसरॉयचे सिंहासन होते, तेथे आज बुद्धाची शांत मुद्रा दिसते. नात बराच वेळ पाहत राहिली व नंतर हळूच म्हणाली, “आजी, राष्ट्रपती रोज एकेका खोलीत झोपतात का?”

आम्ही हसलो, परंतु प्रश्न हसण्यासारखा नव्हता. १९४८ साली चक्रवर्ती राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल म्हणून येथे राहावयास आले. व्हाइसरॉयच्या भव्य दालनांत न राहता त्यांनी थोड्या साध्या खोल्या पसंत केल्या. ती दालने पुढे पाहुण्यांसाठी ठेवण्यात आली. देशात धान्यटंचाई होती, म्हणून त्यांनी बागेच्या काही भागात गव्हाची लागवड केली. घर तेच राहिले, राहणाऱ्याची वृत्ती बदलली. लोकशाही म्हणजे काय हे मुलांना सांगण्यास ह्याहून सोपे उदाहरण मला सापडत नाही. पुढे ह्याच घरात सर्वपल्ली राधाकृष्णन व झाकिर हुसेन हे शिक्षक राहिले. २०२२ साली राष्ट्रपती झालेल्या द्रौपदी मुर्मू ह्यांनीही काही काळ अध्यापन केले आहे. नातीला हे सांगताच ती म्हणाली, “म्हणजे आमच्या बाईपण इथं राहू शकतात?” मी “होय” म्हणालो. त्या दिवशीचे माझे एवढेच उत्तर टाचणाबाहेरचे होते.

शाळेत काय करावे?

दिल्लीची सहल प्रत्येक शाळेस परवडणारी नाही व तिची आवश्यकताही नाही. ग्रामपंचायत कार्यालय, जुनी चावडी, तहसील कचेरी, एवढेच काय आपली शाळादेखील सार्वजनिक वास्तूच होय. तेथे मुलांना नेताना पुढील क्रम पाळून पाहावा :

१. स्थळी पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटे शिक्षकांनी काहीही सांगू नये. मुलांना वास्तूभोवती फिरू द्यावे.

२. प्रत्येक मुलाने स्वतः पाहिलेली एक गोष्ट व स्वतःला पडलेला एक प्रश्न वहीत लिहावा. दुसऱ्याच्या वहीतून उतरवू नये.

३. त्यानंतर तीन प्रश्न सर्वांपुढे ठेवावेत : येथे पूर्वी काय होते? येथे आज कोण काम करते व त्यास कोणी नेमले? येथे आपल्याला कोणत्या कामासाठी येता येते?

४. ज्या प्रश्नाचे उत्तर आपणांस ठाऊक नसेल, ते प्रांजळपणे मान्य करावे व गावातील वृद्धांकडून किंवा पुस्तकांतून शोधण्याचे काम मुलांबरोबर स्वतःही करावे.

साल व संख्या शेवटी सांगाव्यात. प्रश्न पडल्यानंतर आलेली माहिती मुलांच्या स्मरणात राहते.

यापुढे शाळाभेटीस आलो म्हणजे सहलीच्या वहीत मी प्रथम मुलांचे प्रश्न वाचीन. टाचणाचे पान त्यानंतर पाहीन.