डब्यातला खाऊ ओळखा!

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत आपल्या वऱ्हाडात भुलाबाई बसते. संध्याकाळी मुली घरोघर जाऊन भुलाबाईची गाणी म्हणतात. गाणी संपली की घरची मंडळी झाकलेला डबा पुढे करतात. आतला खाऊ ओळखायचा! मग प्रश्नांचा भडिमार सुरू होतो. या खेळात गणित दडलेले आहे. ते कसे, हे पाहू या.

समजा, डब्यात पुढील ८ पदार्थांपैकी कोणताही एक आहे व प्रत्येकाची शक्यता सारखीच आहे: रव्याचा लाडू, बेसनाचा लाडू, खोबऱ्याची वडी, तिळाची वडी, चकली, शेव, खारे दाणे, खारे फुटाणे. उत्तर फक्त 'होय' किंवा 'नाही' एवढेच मिळेल.

एकेक नाव घेत गेलात, तर ७ प्रश्नांपर्यंत पाळी येईल. त्याऐवजी 'गोड आहे का?' असे विचारा. उत्तर काहीही येवो, ४ पदार्थ उरतील. 'नाही' आले, तर 'तळलेला आहे का?' उरले २. शेवटी 'शेव आहे का?' झाला उलगडा! ३ प्रश्नांत ८ पदार्थ, ४ प्रश्नांत १६, ५ प्रश्नांत ३२. दर वेळी शक्यता निम्म्या करणारा प्रश्न सर्वांत चांगला. अशा एका उत्तरातून मिळते ती माहिती १ 'बिट' होय. माहितीचे हे मोजमाप क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाने १९४८ साली मांडले.

आमच्या घरी शेजारची धाकटी मुलगी नेहमी मध्येच विचारायची, "रव्याचा लाडू?" मोठ्या मुली तिला गप्प करीत. एकदा माझी आई म्हणाली, "इचारू द्या ना पोरीहो तिले, एक तं कमी झालं!"

आईचे म्हणणे शास्त्राला धरून होते. तो प्रश्न पहिलाच असेल, तर 'नाही' या उत्तराने ८ चे ७ उरतात. माहिती थोडी, सुमारे ०.२ बिट, पण शून्य नव्हे. शून्य माहिती मिळते ती ज्याचे उत्तर आधीच कळले आहे अशा प्रश्नातून, म्हणजे दुसऱ्याचे न ऐकता विचारलेल्या प्रश्नातून! म्हणून या खेळात धाकटीपासून आजीपर्यंत प्रत्येकाचे ऐकावे लागते. घर आणि शेजार जवळ येतात ते अशा ऐकण्यातून, आणि सोबतच्या हसण्यातून.

करून पाहा : कोजागरीला घरच्या व शेजारच्या मंडळींसह वरील ८ पदार्थांचा खेळ मांडा. पहिल्या डावात प्रत्येकाने इतरांना ऐकू न जाईल असे, यजमानाच्या कानात प्रश्न विचारावा. दुसऱ्या डावात सर्वांनी मोठ्याने विचारावे. दोन्ही डावांतील प्रश्न मोजा. फरक का पडला, ते धाकट्या भावंडांना समजावून सांगा.