मूत्रल औषध आणि मेंदूची सूज

घेटुळी नांदेड-लातूरकडील आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच. वैद्य तिला पुनर्नवा म्हणतात व अंगावरील सूज उतरावी म्हणून देतात; ती मूत्रल, म्हणजे लघवी वाढविणारी आहे. मग पक्षाघातानंतर मेंदूस येणारी सूज मूत्रल औषधानें आवरेल काय, असा प्रश्न सहज सुचतो.

ही सूज मोठी घातक. मेंदूची रक्तवाहिनी तुंबली कीं तेथील केशवाहिन्यांच्या भिंतींतून क्षार मेंदूंत शिरतात व त्यांच्या मागोमाग पाणी. कवटी तर कांहीं ताणली जात नाहीं. क्षार वाहून नेणारें जें प्रथिन येथें कामास लागतें, त्याचें भावंड मूत्रपिंडांत असतें, आणि बुमेटॅनाइड हें मूत्रल औषध दोहोंसही अडवितें. २००४ सालीं कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं तें उंदरांच्या शिरेंत टोंचून मग मेंदूची एक धमनी बंद केली. सूज कमी आली. मेंदूचा मृत भागही लहान राहिला.

येथें आम्ही विद्यार्थ्यांस क्षणभर थांबवितों. औषध दिलें तें धमनी बंद करण्यापूर्वीं! कंधार किंवा औशाच्या शिवारांत नांगरतांना एखाद्याचा हात लुळा पडतो. त्याला आधीं कोण सांगणार? शिवाय मात्राही माणसाच्या नेहमींच्या मात्रेच्या मानानें फार मोठी होती. सूज कशी येते हें या प्रयोगानें कळलें. दारीं आलेल्या रोग्यास काय द्यावें, हें मात्र त्यानें कळत नाहीं. आज निवडक रोग्यांस गुठळी विरघळविणारें औषध देतात, तेंही साडेचार तासांच्या आंत आणि मेंदूंत रक्तस्राव नाहीं अशी चित्रावरून खात्री झाल्यावरच. गांवाहून नांदेडच्या रुग्णालयापर्यंतची वाट त्यांतच मोजावी लागते.